पुन्हा फुकटचा वजीर!

नागपूरच्या महाल भागातल्या घरी रात्री जेवणं आटोपली की मी मोबाईलवर कॉम्प्युटरशी बुद्धिबळ मांडतो, आणि रोज तेच होऊन राहिलं. पातळी १२००, म्हणजे साध्या हौशी खेळाडूची. पहिल्या पंधरा चाली अशा, की समोर ग्रँडमास्टर बसलाय. अन् सोळाव्या चालीला वजीर सरळ माझ्या प्याद्याच्या तोंडी! याला काय खेळ म्हणायचं? १२०० चा माणूस असा हरत नाही. त्याला दूरचा उंट दिसत नाही, घाईत तो हत्ती अडकवून बसतो. त्याची चूक समजते, तिच्यातून शिकता येतं. इथे बऱ्याचदा ताकदवान इंजिनालाच, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामलाच, मधूनमधून मुद्दाम वाईट चाल खेळायला लावतात. एक पातळी वर गेलो की चूकच नाही, गळाच आवळतो. मधलं काही नाहीच!

१९९७ मध्येच डीप ब्लू या कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोवला हरवलं. जिंकणं यंत्राला केव्हाच जमलं. आता माणसासारखं चुकायला शिकवा ना त्याला!

२०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून माझी भाचीही रोज खेळते. काल तिलाही असाच वजीर मिळाला. "मामा, मी चांगली खेळली ना?"

काय सांगू पोरीला?