‘विकला गेला तो फक्त आवाज’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

रॉयल एनफिल्ड बुडता बुडता कशी वाचली, या माझ्या लेखावर ‘जुना बुलेटवाला’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. कंपनी तगली ती २००८-०९ च्या सुमारास आलेल्या नव्या ‘यूसीई’ इंजिनामुळे (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात), असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर या गृहस्थांचं म्हणणं असं: ‘कंपनीचं पाकीट पोचलेलं दिसतंय. इंजिन बदलून काय साधलं? लोकांनी विकत घेतला तो फक्त आवाज, आणि तोही कंपनीने घालवला. तुमचं ज्ञान पुस्तकी आहे. खरी बुलेट बिडाच्या इंजिनाची.’ पुढे ३५० सीसीवरचं अवलंबित्व, सुट्या भागांचे भाव, शेअरचा भाव, ट्रायम्फची स्पर्धा असं बरंच काही आहे. शेवटी इतर वाचकांना एक सल्लाही दिला आहे, त्याकडे मी शेवटी येतो.

आधी पाकिटाबद्दल. मतभेद असू द्या, कडक शब्दांत असू द्या, त्याचं मला काही वाटत नाही. पण लेखातला एकही आकडा न खोडता थेट माणसाच्या हेतूवर यायचं, ही कुठली रीत? या ब्लॉगवर आजवर एकही जाहिरात लागलेली नाही. त्याच लेखात यूसीई इंजिनाच्या स्प्रॅग क्लचचं (सेल्फची गती इंजिनाला एकाच दिशेने देणाऱ्या भागाचं) दुखणं मी चांगलं दोन परिच्छेद लिहिलं आहे. बॅटरी उतरलेली असताना सेल्फ मारत राहिलं की स्टार्टर इंजिनाला जेमतेम फिरवतो, पिस्टन कॉम्प्रेशनवरून उलटा फिरतो आणि तो झटका स्प्रॅगचे रोलर खातात. मग बाजूचं कव्हर उघडून मोठा खर्च. पाकीट घेणारा हे लिहितो का? तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नाही, हे उघड आहे.

आणि ‘पुस्तकी’ म्हणाल, तर बिडाचं इंजिन, एव्हीएल, यूसीई आणि आताची जे-सिरीज, कंपनीच्या चारही पिढ्यांची इंजिनं माझ्या हातांनी उघडलेली आहेत, एकदा नाही, अनेकदा. हा शब्द मला लावण्याआधी विचार करायला हवा होता.

एक चूक तुम्ही दाखवलीत ती मान्य. जे-सिरीजचं इंजिन आधी क्लासिक या मॉडेलमध्ये आलं असं मी लिहिलं होतं. ते आधी नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑरमध्ये आलं, क्लासिकमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. याने मुद्दा तसूभरही हलत नाही, पण चूक ती चूक.

आता त्या एका वाक्याकडे. ‘लोकांनी विकत घेतला तो फक्त आवाज.’

साल २००० घ्या. सिद्धार्थ लाल यांनी कंपनीची सूत्रं हातात घेतली तेव्हा महिन्याला सहा हजार गाड्या बनवायची ताकद होती आणि विकल्या जात होत्या दोन हजारांच्या आसपास. आयशर या मालक कंपनीत हा धंदा विकावा किंवा बंद करावा अशी चर्चा होती. जयपूरचा कारखाना बंद करावा लागला. आता सांगा, तेव्हा आवाज नव्हता का? तुमच्याच लाडक्या बिडाच्या इंजिनाचा आवाज होता, ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचा (पिस्टनची धाव), ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट्स-कंडेन्सरवर चालणारा, गावाच्या वेशीवर ऐकू येणारा. आवाजाला गिऱ्हाईक असतं तर कंपनी मरणाच्या दारात कशाला गेली असती? ऐकणारे भरपूर होते. थांबून ऐकायचे, मान डोलवायचे आणि शोरूमला जाऊन हिरो होंडा घ्यायचे.

का घ्यायचे, ते बघा.

सकाळी गाडी चालू करायची. इग्निशन उघडायचं, पेट्रोलचा कॉक फिरवायचा, गार असेल तर चोक ओढायचा. किक सावकाश दाबत न्यायची, नजर हेडलाइटच्या खोळीतल्या ॲमीटरवर. पॉइंट्स मिटलेले असले की काटा डावीकडे पडतो, उघडले की मधे येतो. काटा मधे आला आणि पायाला कॉम्प्रेशन लागलं की डिकम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबायचा, किक किंचित पुढे सरकवायची, डिकम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा भार टाकून एक सलग लाथ. यातलं काही चुकलं तर किक उलटी येते आणि घोटा सुजतो. ज्याला जमतं त्याला यात आनंद आहे, मी नाकारत नाही. पण नऊच्या शिफ्टला जाणाऱ्या माणसाला हे रोज करायला सांगून कारखाना चालत नाही.

मग तेल. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, दोन्हींना जोडणारी प्रायमरी चेन एका वेगळ्या खोक्यात. त्या खोक्याचं बाहेरचं झाकण धरून ठेवायला मधोमध एकच नट आणि कडेने एक रबरी रिंग. रिंग कडक झाली की गळती सुरू. गळती थांबवायला मालक नट आणखी आवळतो, त्याने झाकण वाकतं आणि गळती वाढते. नवी रिंग, साफ कडा आणि नट बेताने आवळणं हा खरा उपाय, पण हे किती जणांना ठाऊक होतं? शिवाय तेलाची टाकी क्रँककेसमध्येच ओतलेली. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की पंपातून झिरपत तेल खाली इंजिनात उतरतं आणि चालू केल्यावर निळ्या धुराचा लोट. बुलेटखाली पुठ्ठा टाकायची पद्धत घराघरांत होती ती उगाच नाही.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडच्या (दांड्यांच्या) फटीचं, तर विचारूच नका. दर दोन-तीन हजार किलोमीटरला उजवीकडचं छोटं झाकण उघडायचं, इंजिन पूर्ण गार, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला. पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. फट मोजायची पट्टी, फीलर गेज, इथे उपयोगाची नाही, बोटांचाच अंदाज. लॉकनट आवळताना ॲडजस्टर हमखास फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर परत बघायचं. घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. सैल राहिला तर खडखडाट.

आणि पायांचा घोटाळा. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. २००१ मध्ये बजाजने पुण्यातून पल्सर आणली. दमदार गाडी हवी असणारी एक अख्खी पिढी त्यावर शिकली, गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. हा मुलगा बुलेटवर बसला आणि समोर कुत्रं आडवं आलं, तर उजवा पाय जोरात दाबणार, आणि लागणार गिअर. अशा गाडीची चाचणी फेरी देऊन विक्री होत नसते.

आता या सगळ्याचा धंद्याशी संबंध. प्रत्येक गाडीमागे एक जाणकार मेस्त्री लागत होता. तो असेल त्याच गावात गाडी टिकायची. कोल्हापूर, पुणे, नागपूर इथे असे हात होते. पण जिथे ते नव्हते तिथे डीलर नेमून उपयोग काय? विकलेली प्रत्येक गाडी तक्रार घेऊन परत दारात. मेस्त्री काही कारखान्यात तयार होत नाहीत, एकेकाला घडायला दहा वर्षं लागतात. म्हणजे कंपनीची वाढ अशा हातांच्या संख्येला बांधलेली होती. माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच होता, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्यावर एक अक्षर नाही.

ही गाठ एका फटक्यात सुटली नाही. २००२ च्या थंडरबर्डमध्ये एव्हीएलचं ॲल्युमिनियम इंजिन आलं. ते बिडापेक्षा गार चालायचं, पेट्रोल कमी प्यायचं, पण गिअरबॉक्स अजून वेगळाच होता, टॅपेट अजून हातानेच. अर्धं काम झालं. पाच गिअर आणि डाव्या पायाचा गिअर आला तेव्हा पल्सरवाल्या पोरांना दार उघडलं. खरा फरक यूसीईने पाडला. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात, प्रायमरी चेनला आपोआप ताण, हायड्रॉलिक टॅपेट. तेलाच्या दाबानेच फट भरली जाते, पाना लावायची गरज नाही. गाडी बरेच दिवस उभी असेल तर सुरुवातीचे काही सेकंद टिकटिक होते, मग थांबते. तेल वेळेवर बदललं नाही तर ती थांबत नाही, हे मात्र लक्षात ठेवायचं. बोअर-स्ट्रोक ७० बाय ९० तसाच ठेवला, पुशरॉड तसेच ठेवले, म्हणजे स्वभाव तोच. पण आता साध्या सर्व्हिस सेंटरमधला, बुलेट कधी न उघडलेला पोरगाही ती सांभाळू शकत होता.

त्यावर २००९ ची क्लासिक बसली आणि मग आकडे बघा. २०१० मध्ये वर्षाला पन्नास हजारांच्या वर. २०१४ मध्ये तीन लाखांच्या वर. मधल्या काळात सहा-आठ महिन्यांची वेटिंग लागत होती. तिरुवोट्टियूरचा जुना कारखाना पुरेना म्हणून २०१३ मध्ये ओरगडमला नवा सुरू झाला. हे आवाजाने झालं म्हणता? आवाज तर त्याआधी पन्नास वर्षं होता.

क्लासिकचं रूप, टाकीचा आकार, जुना रंग यांनी गिऱ्हाईक दारात आणलं, हे मीच लेखात लिहिलं आहे. पण दारात आलेला माणूस गाडी घेऊन जातो आणि आपल्या मेहुण्यालाही घे म्हणून सांगतो, ते ती रोज सकाळी चालू होते म्हणून.

‘आवाज घालवला’ हेही तपासू. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरला क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक ठोका. बिडाची गाडी मेस्त्री मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांवर उभी करायचे, म्हणजे सेकंदाला पाच ते सहाच्या दरम्यान ठोके. कानाला ते एकेक मोजता येतात. आताची हजाराच्या आसपास उभी राहते, सेकंदाला आठच्या वर. कानाला ठोके जुळल्यासारखे वाटतात. त्यात जे-सिरीजमध्ये बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे हँडलची थरथर गेली. पण स्ट्रोक अजून लांबच आहे, ८५.८ मिलिमीटर, बोअर ७२. कंपनीने आवाज टाकून दिला असता तर बोअर बराच वाढवून स्ट्रोक त्याच्यापेक्षाही आखूड केला असता, ताकदही जास्त मिळाली असती. तसं केलेलं नाही. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, २०१७ ला बीएस-४, २०२० ला बीएस-६, आणि त्यातूनही २० बीएचपीचं शांत इंजिन हट्टाने ठेवलं. याला घालवणं म्हणत नाहीत.

२०१८-१९ मध्ये आठ लाखांवर गेलेली विक्री २०२०-२१ मध्ये सहा लाखांच्या आसपास उतरली, याचाही तुम्ही ‘लोक आवाजाला मुकले म्हणून’ असा अर्थ लावला आहे. तारखा तरी जुळवून बघा. सप्टेंबर २०१८ पासून दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागू लागला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं. एप्रिल २०२० ला बीएस-६. रस्त्यावरची किंमत तीनदा चढली, वर टाळेबंदी, मग चिपचा तुटवडा. त्या पडझडीचा बराचसा काळ जुनं यूसीई इंजिनच विकलं जात होतं, म्हणजे तुमचा आवाज तेव्हा शाबूत होता. आणि विक्री परत वर गेली ती तुम्ही नावं ठेवता त्या जे-सिरीजवर. २०२४-२५ मध्ये विक्रीने दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

३५० सीसीवरचं अवलंबित्व, सप्टेंबर २०२५ च्या जीएसटीमुळे ३५० च्या वरच्या गाड्यांवर आलेला ४० टक्के कर, चाकणला बनणारी ट्रायम्फ, सुट्या भागांचे भाव, हे या लेखाचे विषय नव्हते. एका प्रतिक्रियेत दहा दगड मारून एखादा तरी लागेल अशी आशा ठेवण्याला चर्चा म्हणत नाहीत. शेअर बाजारातलं मला विचारू नका.

‘पाकीट’ हा शब्द मागे घ्या, मग बाकीच्यावर बोलू. प्रतिक्रिया उडवलेली नाही. तिच्यातला एक भाग मात्र मी काढून टाकला आहे आणि तो का, हे इतर वाचकांना सांगणं भाग आहे. ‘ठोका हवा असेल तर टायमिंग मागे घ्या आणि आयडल उतरवा’, म्हणजे ठिणगी उशिरा पाडा आणि उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग कमी करा, असा सल्ला त्यात होता. बिडाच्या गाडीवर हे करू नका. ठिणगी उशिरा पडली की जाळ एक्झॉस्टमध्ये जातो, इंजिन तापतं, सायलेन्सरचा बेंड निळा पडतो, पुढे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. आयडल फार उतरवलं की तेलाचा पंपही तितकाच मंद फिरतो, डोक्यावरच्या रॉकरपर्यंत तेल नीट पोचत नाही, आणि बिग एंडची (क्रँकवरच्या बेअरिंगची) झीज सुरू होते ती ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. कोणी आधीच असं करून घेतलं असेल तर पॉइंट्सचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मधे आहे का ते बघा, टायमिंग मूळ जागी आणून घ्या आणि गाडी गरम झाल्यावर न अडखळता उभी राहील इतकं आयडल ठेवा. बेंड आधीच निळा झाला असेल तर टॅपेटही त्याच दिवशी तपासून घ्या.