क्वांटमच्या नावावर बोअरचं बुकिंग

मामांनी मुदत ठेव मोडायचा अर्ज भरून ठेवला होता. सोलापुरात अक्कलकोट रोडला त्यांचे यंत्रमाग आहेत, टॉवेलचा धंदा आहे, आणि ही ठेव मामेबहिणीच्या लग्नासाठी बाजूला काढलेली. ती मोडायचं कारण म्हणजे नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. जिल्ह्यात तो बऱ्याच जणांकडं पोहोचलाय, म्हणून त्यात काय आहे ते आधी सांगतो. 'आयनक्यू' ही क्वांटम संगणक (म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या नियमांवर चालणारा संगणक) बनवणारी अमेरिकन कंपनी भारताच्या क्वांटम मिशनमध्ये सरकारची भागीदार आहे. तिच्या शेअरमध्ये आज ५० हजार टाका, २०३० पर्यंत १ कोटी, गॅरंटी. क्वांटम संगणक आला की बँकांची सगळी सुरक्षा मोडणार, म्हणून ठेवी आत्ताच काढा. आणि याच कंपनीचा क्वांटम सेन्सर जमिनीखाली ६०० फुटांवरचं पाणी अचूक दाखवतो, तेव्हा शेतकऱ्यांनी खालच्या क्यूआर कोडवर ५,१०० रुपये भरून नाव नोंदवावं.

पाण्याचंच आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं आहे. सांगोला-मंगळवेढ्याकडं डाळिंबाची बाग सांभाळणाऱ्याला विचारा, बोअर फेल जाणं म्हणजे काय असतं. गाडी येते, फुटावर भाव ठरतो, रात्रभर धडधड चालते आणि पाचशे फूट गेलं तरी तोंडातून नुसती कोरडी राखाडी भुकटी उडत राहते. मालक बांधावर बसून "अजून पन्नास फूट मारा" म्हणत असतो, कारण तिथं थांबलं तर आधीचा सगळा पैसा गेला. अशा माणसाला 'अचूक दाखवतो' असं सांगणं ही साधी थाप नाही. त्या पॉइंटच्या भरवशावर तो पुढचं कर्ज काढतो.

यात थोडं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजणारे क्वांटम सेन्सर खरंच बनलेत. आयनक्यूनंही २०२५ मध्ये 'व्हेक्टर अ‍ॅटॉमिक' ही अणुघड्याळं आणि सेन्सर बनवणारी कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं. आता यातली खरी मजल किती, तेही बघा. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आपला प्रयोग मांडला. अतिथंड केलेल्या अणूंच्या साहाय्यानं त्यांनी प्रयोगशाळेबाहेर, उघड्यावर जमिनीखालचा एक बोगदा शोधून दाखवला, आणि जगभर त्याचं कौतुक झालं. तो बोगदा होता साधारण दोन मीटर रुंद आणि जमिनीखाली फक्त एक मीटर.

आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी मुरमात, खडकाच्या भेगांत, नाहीतर लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात सापडतं. ६०० फूट म्हणजे सुमारे १८० मीटर. अंतर वाढत जाईल तसा त्या भेगेचा वरच्या गुरुत्वाकर्षणावरचा परिणाम झपाट्यानं कमी होतो, आणि शेजारची विहीर, उतार, मातीची जाडी हे सगळं त्यात मिसळतं. शिवाय असा सेन्सर वस्तुमानातला फरक मोजतो. पाणी गोडं की खारं आणि मोटर किती तास चालेल, हे त्याला कळत नाही. ज्याला पॉइंट हवाय त्यानं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जावं. तिथले भूवैज्ञानिक जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकून, त्यातून वीज सोडून खडकाचा विद्युतरोध मोजतात. शक्यता सांगतात. गॅरंटी तेही देत नाहीत, कारण ती देता येतच नाही.

शेअरचं बोलू. यासाठी मी मामांसमोर एकच कागद ठेवला, तो म्हणजे कंपनीनं स्वतः अमेरिकेच्या बाजार नियामकाकडं दाखल केलेला २०२४ चा वार्षिक अहवाल. त्या वर्षी महसूल होता ४ कोटी ३१ लाख डॉलर आणि निव्वळ तोटा ३३ कोटी १६ लाख डॉलर. जोखमींच्या भागात कंपनी स्वतःच सांगते की आजवर आम्ही तोट्यात आहोत आणि नजीकच्या भविष्यातही तोटा होईल अशी अपेक्षा आहे. लपवलेलं काही नाही, कुणीही उघडून वाचू शकतो. कंपनी स्वतः हे लिहून देते आणि मेसेजवाला दोनशे पटींची गॅरंटी देतो, तर विश्वास कुणावर ठेवायचा? २०२३ च्या तुलनेत महसूल जवळपास दुप्पट झाला आणि २०२४ च्या अखेरीस भाव कित्येक पटींनी चढला, हेही खरंच आहे. पण ८ जानेवारी २०२५ ला हाच शेअर एका दिवसात सुमारे ३९ टक्के पडला. कारण एवढंच की एनव्हिडिया या चिप कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग म्हणाले, खरोखर उपयोगाचे क्वांटम संगणक यायला पंधरा ते तीस वर्षं लागतील. ज्याला तो धक्का सोसतो त्यानं खुशाल घ्यावा. लग्नाच्या पैशानं नको.

बँकांचं म्हणाल तर भीती पूर्ण खोटी नाही, पण घाई खोटी आहे. आज सर्रास वापरलं जाणारं २०४८ बिटांचं आरएसए कूटलेखन (माहितीला लावलेलं गणिती कुलूप) फोडायला दहा लाखांहून थोडे कमी क्युबिट (क्वांटम संगणकातली माहितीची सगळ्यात लहान एककं) आणि आठवड्याच्या आतला वेळ लागेल, असा गुगलच्या क्रेग गिडनी यांचा २०२५ चा अंदाज आहे. आयनक्यूच्या 'फोर्टे' यंत्रात क्युबिट आहेत ३६. क्वांटम संगणकालाही टिकतील अशी नवी कूटलेखन मानकं अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्येच जाहीर केली. मग मुदत ठेव आज मोडून काय मिळणार? बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, आणि सोलापूरकरांनी काळजी करायचीच तर ती तिथं करावी.

सरकारची भागीदारी वगैरे झटकून टाका. राष्ट्रीय क्वांटम मिशन एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं, तरतूद ६,००३.६५ कोटींची, आणि त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईकडं आहे. कुठल्या परदेशी शेअरची हमी द्यायला ते काढलेलं नाही.

राहिला तो क्यूआर कोड. मामांनी तो स्कॅन केला तेव्हा एका व्यक्तीचं नाव आलं, कंपनीचं नाही. भारतात राहून अमेरिकन शेअर घेता येतो, पण त्याचा रस्ता ठरलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, आपल्या बँक खात्यातून, पॅन देऊन, आपल्याच नावाच्या खात्यात. अनोळखी माणसाच्या यूपीआयवर पैसे टाकून कुणाच्याही नावावर शेअर चढत नाही. आणि परताव्याची गॅरंटी द्यायला सेबीकडं नोंदणी असलेल्या सल्लागारालाही बंदी आहे.

मामांचा अर्ज फाडला. पण ग्रुपवरच्या दोघांनी ५,१०० भरलेत. ज्यांनी ज्यांनी भरलेत त्यांनी आजच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि त्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. मूळ मेसेज रागानं डिलीट करू नका, तक्रारीला तोच लागतो.