बदक काडी आणत नाही

बदकांच्या घरट्यासाठी मी तळ्यात खांबावर लावलेली नळी वाकडी आहे. हे मला दिसतं. तळ्याकाठून सकाळ-संध्याकाळ फेरी मारणाऱ्या काकांनाही दिसतं, आणि ते मला दोन्ही वेळा तसं कळवतात. सरळ करायला घेता येत नाही, कारण आत मॅलार्ड या रानबदकाची मादी अंड्यांवर बसली आहे. अंडी असलेल्या रानबदकाच्या घरट्याशी छेडछाड करणं इथे अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यात बसत नाही. रोज एक याप्रमाणे नऊ-दहा अंडी, मग अठ्ठावीसेक दिवस उबवणं. तेवढे दिवस नळी वाकडी राहणार, मी तळ्याकडे पाठ करून चालणार, आणि काका ओळंब्याची आठवण काढणार.

काका मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले आहेत. ओव्हरसियर म्हणून निवृत्त. आमची पहिली भेट भर हिवाळ्यात झाली. मी गोठलेल्या तळ्यावर गिरमिट फिरवत उभा होतो आणि काठावर माकडटोपी, तिच्यावर मफलर, त्याच्यावर जाकिटाची टोपी असा एक ऐवज हात मागे बांधून उभा होता. पंधरा मिनिटं काही बोलला नाही. बर्फाला भोक पडलं, पाणी वर आलं, माझ्या बुटात गेलं, तेव्हा आवाज आला, "बोअर मारताय?"

मी म्हटलं, "नाही काका. बदकांसाठी घरटं."

"पाण्याखाली?"

इथे थोडं सांगायला हवं. मॅलार्डची मादी घरटं करते जमिनीवर, गवतात. कोल्हा आणि स्कंक, रॅकून असे इथले अंडीखाऊ छोटे प्राणी, यांच्यासाठी ते वाढून ठेवलेलं ताट असतं. उत्तर अमेरिकेच्या मैदानी भागात गवताळ रानं नांगरली गेली. उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांत सगळी बदकं दाटीनं घरटी करतात, आणि अंडी शोधणाऱ्यालाही तेवढाच पट्टा हुंगावा लागतो. शंभरातली पंधरा घरटी तरी तडीला गेली तर मॅलार्डांची संख्या टिकते, असा जाणकारांचा हिशेब आहे. पुष्कळ ठिकाणी तेवढीही जात नाहीत. म्हणून पाण्यात खांब रोवायचा आणि त्यावर गवताची आडवी नळी बसवायची. हॉलंडमध्ये विलोच्या फांद्या विणून केलेल्या अशा टोपल्या काही शतकांपासून आहेत.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्यांचं घर तुम्ही का बांधताय? पक्षी स्वतः काडी काडी जमवतो की."

"बदक काडी आणत नाही, काका."

"असं कुठं असतं?"

"असतं. बदक चोचीत गवत धरून उडत नाही. बसल्या जागेवरून मान पोचेल तेवढं ओढून घेतं, आणि वर स्वतःच्या छातीची मऊ पिसं. बाहेरून काही येत नाही. आपण नळीत गवत घातलं नाही तर मादी डोकावते आणि निघून जाते."

"म्हणजे फर्निश्ड लागतो."

"हो."

"सुगरण बघा. केवढीशी ती, पण..."

"ही सुगरण नाही."

"ते दिसतंच आहे. आणि दार कुठाय?"

"दोन्ही तोंडं उघडी."

"दार नाही? मग चोर?"

मग मी चोराचं सांगितलं. मादीला दोन्हीकडचं दिसायला हवं आणि धोका एका बाजूनं आला तर दुसरीकडून निसटता यायला हवं. बोळ एका बाजूनं बंद केला तर तो तिच्यासाठी सापळा. वारा थेट आत घुसू नये म्हणून नळी नेहमीच्या वाऱ्याला आडवी ठेवायची. यावर काका एकदम खुलले. म्हणाले, "म्हणजे पूर्वाभिमुख?" मी म्हटलं वाऱ्यावर अवलंबून आहे. त्यांनी माफक नापसंती दाखवली आणि खिशातून फोन काढून होकायंत्र लावलं. बर्फावर उभं राहून, हातमोजे काढून, एक गृहस्थ बदकाच्या दाराची दिशा मोजत होते, आणि माझ्या बुटातलं पाणी गोठत होतं.

नळी कशी करतात ते मात्र त्यांनी ऐकून घेतलं नाही. तेच खरं किचकट काम आहे, म्हणून इथे सांगतो.

एक बाय दोन इंच चौकटीची चौदा गेज जाडीच्या तारेची वेल्डेड जाळी घ्यायची, तीन फूट रुंद, सात फूट लांब. कोंबड्यांची मऊ षट्कोनी जाळी घेऊ नका. पहिल्या हिवाळ्यात तिची पोळी होते. जाळी जमिनीवर पसरून एका टोकाकडून बारा इंच व्यासाची नळी वळायची. तिचा घेर अडतीस इंच, म्हणजे सात फुटांच्या चौऱ्याऐंशी इंचांतले सेहेचाळीस उरतात. तिथे ती नळी तारेनं बांधून पक्की करा. उरलेल्या सपाट जाळीवर काड पसरायचं आणि नळी त्यावरून पुढे गुंडाळत न्यायची, म्हणजे दोन जाळ्यांच्या मधे काडाची गादी बसते. सेहेचाळीस इंचांत बाहेरचा व्यास साधारण साडेचौदा इंच होतो, तेव्हा गादीला जागा जेमतेम सव्वा इंच. काड कंजूषपणे पसरलं तर आरपार उजेड दिसतो. फार कोंबलं तर जाळीची कड कडेला पोचत नाही आणि तुम्ही गुडघ्यानं दाबून, दातांत पक्कड धरून, तिसऱ्या हाताच्या शोधात बसता. हे दोन माणसांचं काम आहे. दुसरा माणूस त्या दिवशी नेमका कामात असतो.

काड जवसाचं मिळालं तर उत्तम. चिवट असतं, लवकर कुजत नाही. गव्हाचं चालतं, पण वर्षात मरगळतं. बांधायला तार किंवा धातूच्या कड्या. प्लास्टिकचे केबल टाय उन्हानं ठिसूळ होतात आणि दोन उन्हाळ्यांत टपाटप तुटून नळी आपली आपण उलगडते. कापलेल्या तारेची टोकं आत राहू देऊ नका. एकेक बाहेर वळवा. त्यांची धार कळण्यासाठी मादीची गरज नाही, कापडी हातमोजा घालून पाहा. चामड्याचाच लागतो.

शेवटी आत, तळाशी, चार-पाच इंच मऊ सुकं गवत, मधे किंचित खोलगट. दोन्ही तोंडांशी खालच्या तीन इंचांत एक-दोन तारा आडव्या ओढल्या तर वारा गवत ओढून नेत नाही आणि अंडंही घरंगळत नाही.

खांबाचा हिशेब सोपा वाटतो, म्हणूनच तिथे माती खाल्ली जाते. नळी वसंतातल्या भरल्या पाण्याच्या वर तीन फूट. पाणी दोन ते चार फूट खोल, तीन धरू. चिखलात आणखी तीन. झाले नऊ, म्हणून दहा फुटी लोखंडी पाइप. दीड इंची, गुळगुळीत, कारण रॅकून खडबडीत लाकडावर चढतो तसा गुळगुळीत लोखंडावर सहजी चढत नाही. नळीखाली शंकूच्या आकाराचा पत्रा लावला तर आणखी बरं. झाडाखाली किंवा काठाला चिकटून लावली तर हे सगळं व्यर्थ. रॅकून वरून उडी मारतो. मोठं, लाटा उठणारं तळंही नको. तिथे वितळता बर्फ हलायला लागला की खांब गवताच्या पात्यासारखा वाकतो.

ठोकण्यासाठी हिवाळाच बरा, कारण बर्फावर चालत जाता येतं. बर्फ स्वच्छ आणि कडक असा निदान चार इंच हवा. बोरूच्या बेटाजवळ आणि पाणी आत येतं तिथे त्याच्यावर भरवसा नको. नळीत दर हिवाळ्यात गवत भरायला जायचं तेही याच वाटेनं.

तर त्या पहिल्या दिवशी पाइप अडीच फूट आत गेला आणि ठण्ण वाजला. मी तळ लागला म्हणालो. खरं तर तीन फूट व्हायला हवे होते. पण हात बधिर झाले होते आणि लाज नव्हती. काठावरून आवाज आला, "अजून दोन फूट हाणा."

"खडक आहे, काका."

"खडक असा वाजत नाही. गोटा आहे. चार हात बाजूला घ्या."

मी नाही घेतलं. हे मला कबूल करायला आवडत नाही. उलट मी सांगितलं की बर्फात खांब घट्ट बसलाय, हलवून बघा. त्यांनी खरंच येऊन हलवला. हलला नाही. "बर्फानं धरलाय," ते म्हणाले, "चिखलानं नाही." आणि निघून गेले. ओव्हरसियरचं हे एक वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून सोडून दिलं.

वसंतात बर्फ वितळायला लागला, ओढ्यांचं पाणी आलं, पातळी चढली. बर्फ खांबाला चिकटलेलाच होता. तो वर उचलला गेला, त्यानं खांबही उचलला, आणि वितळताना वाऱ्यानं एका बाजूला रेटला. बर्फात ठोकलेल्या खांबांचं हेच होतं, म्हणूनच चिखलातले फूट वाचवायचे नसतात. मी वाचवले. नळी साधारण पंधरा अंशांत झुकली, आणि आठवड्याभरात तिच्यात मादी शिरली.

एरवी नवीन नळी दोन-तीन वर्षं रिकामी राहते. कधी वर्षानुवर्षं. नीट, ओळंब्यात, बरोबर दिशेला लावलेल्या माझ्या चार नळ्या तशाच रिकाम्या आहेत. ही बया वाकडीत गेली.

आता राग कोणावर काढावा? नळी लावण्याच्या दिवशी बर्फावर माणसं येतात, फोटो काढतात, पाइपला हात लावून उभी राहतात. तिसऱ्या वर्षी गवत भरायला त्यांतलं कोणी येत नाही. मग तळ्यातळ्यांतून गवत गळालेल्या, आरपार उजेड दिसणाऱ्या तारेच्या नळ्या वाऱ्यात शिट्या वाजवत उभ्या असतात, आणि बदक काडी आणत नाही हे कुणाच्या लक्षात नसतं. देखभाल करणार नसाल तर लावू नका. नुसता लोखंडाचा खांब पाण्यात उभा करून कुणाचं भलं होत नाही.

काका मात्र न चुकता येतात. आज सकाळी पुन्हा काठावर उभे होते. मी लांबूनच म्हटलं, "अजून वाकडीच आहे काका, माहीत आहे."

"तसं नाही," ते म्हणाले. "अंडी एका बाजूला जात असतील ना? मधे खोलगट केलं होतंत का?"

केलं होतं. निदान ते तरी केलं होतं. पिल्लं निघाली की दिवसभरात पाण्यात उड्या मारून जातील, आणि मग पुढच्या हिवाळ्यात नळीत बघायचं. गवतात कातड्यासारखे, कवचापासून सुटलेले पापुद्रे सापडले तर अंडी फुटून पिल्लं निघाली. नुसत्या कवचांचा चुरा सापडला तर रॅकूनला पंधरा अंश चालले.

"पुढच्या हिवाळ्यात मी इथे नसेन," काका म्हणाले. "पाइप बारा फुटी आणा. आणि चार हात बाजूला घ्या."