मजुरी मागायला आले, जमीन मागून बसले

गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोहखाणीचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हमखास विचारलं जातं, तिथल्या पोरांना रोजगार नको का? मग कोणीतरी तोडगट्ट्याची आठवण काढतं. २०२३मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या आदिवासींनी नव्या खाणींविरुद्ध तिथे महिनोन्महिने धरणं धरलं आणि नोव्हेंबरात पोलिसांनी ते मोडलं. एक बाजू कामगाराची, दुसरी आदिवासीची, असे तट पडतात. खाणीत कंत्राटी कामाला लागलेला पोरगा त्याच गावातला आदिवासी असू शकतो, हे मात्र कोणी बोलत नाही.

मी ऑस्ट्रेलियात राहते आणि इथल्या युनियनची सभासद आहे. म्हणून इथल्या वेव्ह हिलच्या संपाबद्दल लिहावंसं वाटतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला असलेल्या डार्विन शहराच्या दक्षिणेला शेकडो किलोमीटरवर व्हेस्टी या ब्रिटिश कंपनीचा हा गुरांचा अवाढव्य मळा. गुरिंजी या आदिवासी लोकांच्याच जमिनीवर गुरिंजी माणसं राबत. मोबदला म्हणजे पीठ, साखर, चहा, थोडं मांस आणि नावापुरते पैसे. मार्च १९६६मध्ये लवादाने आदिवासी गुराख्यांना समान वेतन मान्य केलं, पण अंमल डिसेंबर १९६८पासून. १९६६च्याच ऑगस्टमध्ये गुरिंजींचे पुढारी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागोमाग सुमारे २०० माणसं बायकामुलांसह काम सोडून निघाली. युनियनचे आदिवासी संघटक डेक्स्टर डॅनियल्स त्यांच्या पाठीशी होते. डार्विनचे गोदी कामगार ब्रायन मॅनिंग आपल्या जुन्या ट्रकमधून त्या भयंकर रस्त्याने शिधा पोचवत राहिले.

युनियनच्या लेखी हा मजुरीचा संप होता. पण १९६७मध्ये गुरिंजी वॉटी क्रीक या ठिकाणी जाऊन बसले आणि थेट गव्हर्नर जनरलना अर्ज केला: आमची जमीन परत द्या. हे युनियनच्या मागणीपत्रात नव्हतं, कामगार कायद्यात तर नव्हतंच. युनियनवाले तेव्हा हात झटकू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. गोदी कामगारांनी वर्गणी काढली, दक्षिणेतल्या शहरांत गुरिंजी पुढाऱ्यांच्या सभा घडवल्या. जमीन हाती यायला १९७५ उजाडलं. पंतप्रधान व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतली. पुढच्या वर्षी नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे वेव्ह हिलच्या प्रांतात, आदिवासींच्या जमीन हक्काचा कायदा झाला.

गुरिंजींची मागणी किती दूरदृष्टीची होती, ते समान वेतन लागू झाल्यावर कळलं. उत्तरेतल्या अनेक मळेवाल्यांनी आदिवासींना कामावरून काढलं आणि मळ्यावरच्या वस्त्यांतूनही हुसकावलं. कागदावर वेतन आलं, हातातलं काम गेलं आणि राहायची जागाही गेली.

इथल्या युनियनांचा इतिहास धुतल्या तांदळासारखा नाही. गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देणाऱ्या ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’च्या धोरणाला त्यांनी कित्येक दशकं पाठिंबा दिला. अलीकडे क्वीन्सलँडमधल्या अदानींच्या कोळसा खाणीच्या वेळीही खाणकामगारांची युनियन रोजगाराच्या बाजूने उभी राहिली. त्या जमिनीचे मूळ रहिवासी असलेल्या वांगान आणि जगलिंगू लोकांमध्येच फूट पडली होती, काहींनी करार स्वीकारला, काहींनी कोर्टात लढा दिला. त्या जमिनीवरचा त्यांचा पारंपरिक हक्क राज्य सरकारने २०१९मध्ये संपवला. गावात फूट असेल तेव्हा युनियनने कोणाचं ऐकायचं, याचं सोपं उत्तर माझ्यापाशी नाही. पण खाणीच्या बाजूने आधीच ठरवून मग गावाकडे जाणं हे उत्तर नव्हे, एवढं मला पक्कं वाटतं.

यासाठी आपल्याला ऑस्ट्रेलियाकडेच पाहायला हवं असंही नाही. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहरा या लोहखाणींच्या गावात १९७७मध्ये कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या साथीने कंत्राटी खाणकामगारांची युनियन उभी राहिली. बरेचसे कामगार आदिवासी. त्यांच्या मागण्यांत पावसाळ्याआधी झोपडी दुरुस्त करायला भत्ता होता, कारण त्यांची गरज त्यांनीच सांगितली होती. कामगारांसाठी लाल आणि शेतकऱ्यांसाठी हिरवा, असा दोन रंगांचा झेंडा होता. युनियनने वर्गणीतून आणि श्रमदानातून शहीद हॉस्पिटल उभारलं. १९९१मध्ये नियोगींचा भिलाईत खून झाला. हॉस्पिटल चालूच राहिलं.

सूरजागडच्या कामगारांचं मागणीपत्र कोणीही लिहो, त्यात वेतन, सुरक्षा, कंत्राटींना कायम करणं हे येणारच. ग्रामसभेच्या संमतीशिवाय खाणीचा विस्तार नको, हे कलमही मला त्यात हवं आहे. आणि ते लिहिण्याआधी युनियनच्या माणसांनी एटापल्लीच्या ग्रामसभांत जाऊन बसायला हवं, तिथून मजुरीपेक्षा वेगळीच मागणी आली तरी.