शिल्ड मोठी की ट्रॉफी, कट्ट्यावर परत पेटलं

आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, टेबलला पहिला येणाऱ्याची शिल्ड मोठी की नंतरच्या प्लेऑफची, म्हणजे नॉकआऊटची, ट्रॉफी, हा विषय कोल्हापूरकराने काढला की आमची लवकर सुटका नसते. कटिंग हातात यायच्या आधीच तो म्हणाला, "मुंबई सिटीची 2022-23 ची टीम भारी होती, मान्य, पण चॅम्पियन नव्हती. मोक्याच्या मॅचला माती खाल्ली की नाही? ड्युरांड कपची फायनल हरले, मग आयएसएलची सेमी हरले. दोन्ही वेळा समोर बंगळुरू एफसीच."

मी म्हटलं अरे बाबा, त्या दोन पराभवांच्या मधे काय झालं ते तरी बघ. 18 सप्टेंबर 2022 ला कोलकात्यात सॉल्ट लेकवर ड्युरांड फायनल, 1-1 असताना बंगळुरूच्या अ‍ॅलन कोस्टाचं हेडर आत गेलं आणि 2-1 ने हरलो, वाईट वाटलं, टीम कागदावर आपलीच भारी होती. पण तीन आठवड्यांत लीग सुरू झाली, पहिली मॅच हैदराबादशी 3-3, आणि ती धरून हे लोक सलग 18 मॅच हरलेच नाहीत. त्यात लागोपाठ 11 जिंकल्या. चेन्नईत 6-2, नोव्हेंबरमध्ये अंधेरीला त्याच बंगळुरूला 4-0. कपातनं बाहेर पडल्यावर टीमने उत्तर कसं द्यायचं असतं, तर असं, मला तरी याहून चांगलं उदाहरण इंडियन फुटबॉलमध्ये दिसत नाही.

"ते लीगमध्ये रे," कोल्हापूरकर. "लीगमध्ये आज घसरलास तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतं. नॉकआऊटला पुढचा आठवडाच नसतो. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी, या दोन तालमींच्या टीमची नॉकआऊट असली की बघ, तिथं कळतं कुणात दम आहे ते."

त्याचं हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. कोल्हापुरात पेठापेठांतनं, तालमींतनं फुटबॉल वाढलेला आहे, तिथल्या माणसाला एका मॅचची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. पण एका संध्याकाळी कोण भारी ठरला आणि अख्ख्या सीझनमध्ये कोण भारी होता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि चॅम्पियन हा शब्द मी दुसऱ्याच्या उत्तरालाच लावीन.

इथे बारक्या मधे पडला. तो प्रीमियर लीगवाला, रात्री दोनला मॅच बघून सकाळी ऑफिसला जाणारा. म्हणाला "तिकडे हा प्रश्नच येत नाही, टेबल टॉप केलं की चॅम्पियन, विषय संपला, आयएसएलनेच त्या वेळी घोळ घातला होता, टेबल जिंकणाऱ्याला शिल्ड द्यायचे आणि प्लेऑफची फायनल जिंकेल त्याला चॅम्पियन म्हणायचे." बरोबर बोलला. आणि शिल्ड आली तीसुद्धा 2019-20 पासून, त्याआधी टेबलमध्ये पहिला येणाऱ्याच्या हातात काहीच पडत नव्हतं.

मडगावकर इतका वेळ गप्प होता. खरं तर त्या सीझनचं सगळ्यात जास्त दुखायला पाहिजे त्याला, कारण मुंबईने शिल्ड पक्की केली ती 11 फेब्रुवारी 2023 ला, त्याच्याच मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, एफसी गोव्याला 5-3 हरवून, आणि गोवा त्यावेळी प्लेऑफलाही पोचलं नाही. आठ गोल झाले त्या मॅचला. कोच डेस बकिंगहॅमची टीम पुढे असतानाही मागे सरकून बसत नव्हती, बॉल मिळाला की छांगटे उजवीकडून पळत सुटायचा, मधे ग्रेग स्ट्युअर्ट अशा जागी उभा असायचा की नक्की कोणी पकडायचा त्याला हेच डिफेन्सला कळायचं नाही. दोन मॅच शिल्लक ठेवून लीग खिशात. पुढच्या दोन्ही हरले, तरी 20 मॅचमध्ये 46 पॉइंट आणि 54 गोल.

तर मडगावकर म्हणाला, "पहिली शिल्ड आमची, 2020 ची. जमशेदपूरला जाऊन 5-0. मग सेमीत चेन्नईत 4-1 हरलो, फातोर्ड्यावर 4-2 जिंकलो तरी एकूण 6-5 ने बाहेर. पण एशियन चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये खेळणारा पहिला इंडियन क्लब कोण? एफसी गोवा. ते त्या शिल्डमुळे. ती सेमी आठवली की अजून त्रास होतो, पण म्हणून शिल्ड छोटी होत नाही."

कोल्हापूरकर हटला नाही. "मग बंगळुरूच्या सेमीचं काय? पेनल्टी मारता येऊ नये?"

ती सेमी मला पाठ आहे. अंधेरीत पहिला लेग 0-1, बंगळुरूच्या छेत्रीचा गोल. मग बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर सुरुवातीलाच स्ट्युअर्टची पेनल्टी त्यांचा गोलकीपर गुरप्रीतने अडवली, तरीही 2-1 ने जिंकलो, दुसरा गोल मेहताब सिंगचा. एकूण 2-2, शूटआऊट. एकामागून एक आत जात होत्या, 8-8 झालं, आणि मग मेहताबचीच पेनल्टी गुरप्रीतने थांबवली, त्यांच्या झिंगनने मारली, 9-8, संपलं. ज्या पोराने टीमला जिवंत ठेवलं त्याच्याच पायावर सीझन संपला. यात दम कमी पडला असं कोणी म्हणालं तर मला राग येतो, खरंच येतो.

आणि शिल्डने काय दिलं ते सांगू का? एप्रिलमध्ये एशियन चॅम्पियन्स लीगच्या जागेसाठी जमशेदपूरशी प्लेऑफ खेळायला मिळाला, तो 3-1 जिंकला, म्हणून नोव्हेंबर 2023 ला सौदीचा अल हिलाल क्लब नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला खेळायला आला. नेमार जखमी होता, नाही आला, 2-0 हरलो, त्या ग्रुपमध्ये एकही मॅच जिंकलो नाही. तरी आशियातला एवढा मोठा क्लब आपल्या दारात आला तो 20 मॅचच्या कमाईवर.

"आणि 2024?" कोल्हापूरकराने शेवटचा पत्ता टाकला. "सॉल्ट लेकवर मोहन बागानकडून हरून शिल्ड घालवली, मग तिथंच 4 मेला फायनल 3-1 जिंकली. तेव्हा नाचलास की नाही?"

नाचलो ना. का नाही नाचणार? पण त्या वर्षी लीगमधली बेस्ट टीम मोहन बागान होती, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणतो. कोल्हापूरकर म्हणाला तू मुंबईचा फॅन नाहीसच, आणि दुसरी कटिंग त्याने माझ्याच नावावर सांगितली.