नियम वाचायचे दर महिन्याला पैसे? ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन उरकण्यासारखी नाहीये म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी लिहिलं होतं की डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीएनडी) सारख्या, टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायच्या गेमचे नियम ऑनलाइन बघायला मिळावेत म्हणून सबस्क्रिप्शन भरत बसू नका. त्यावर ताईंचं म्हणणं असं की महिन्याला पाचशे रुपये म्हणजे काही फार नाहीत, लिहिणाऱ्यांना त्यांचे पैसे मिळायलाच हवेत, इम्पोर्टेड पुस्तक आपल्या बडोद्यात महाग पडतं, आणि रविवारी खेळायला येणाऱ्या नवीन पोरांना हाताने कॅरेक्टर (आपलं पात्र) बनवायला लावलं तर अख्खी संध्याकाळ त्यातच जाते आणि पुढच्या रविवारी ती परत येत नाहीत.

शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. डीएनडी बियॉन्ड हे डीएनडीचं अधिकृत ऑनलाइन टूल चांगलं आहे, क्लिक केलं की सगळे बोनस आपोआप लागतात, स्पेल (मंत्र) समोर दिसतात. टूलचे पैसे घ्या की, माझी काही तक्रार नाही. पण पाचशे रुपयात नक्की काय मिळतं ते बघा. डीएनडी बियॉन्डचा वरचा टियर महिन्याला साधारण सहा डॉलर, त्यात हवी तेवढी कॅरेक्टर बनवता येतात आणि तुम्ही घेतलेली पुस्तकं तुमच्या कॅम्पेनमधल्या (बरेच दिवस चालणाऱ्या एका गोष्टीतल्या) बाकीच्यांना दाखवता येतात. पुस्तकं त्यात येत नाहीत! ती वेगळी विकत घ्यायची, आणि घेतल्यावरही ती राहतात त्यांच्याच सर्व्हरवर. म्हणजे पुस्तकाचे पैसे एकदा द्यायचे आणि तेच पुस्तक टेबलावरच्या चौघांना दाखवायचे पैसे दर महिन्याला द्यायचे. पत्त्यांचा एक कॅट आणला की घरातले सगळे खेळतात, कोणी प्रत्येक डावाचं भाडं घेत नाही ना.

आणि हे मी भीती घालायला म्हणून सांगत नाहीये, हे एकदा होऊन गेलंय. २००८ मध्ये चौथी एडिशन आली तेव्हा डीएनडी काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने डीएनडी इनसायडर नावाचं सबस्क्रिप्शन काढलं. सुरवातीला त्यातला कॅरेक्टर बिल्डर डाउनलोड करून आपल्या कॉम्प्युटरवर ठेवता यायचा. २०१० मध्ये तो फक्त ब्राउझरमध्ये चालायला लागला, सिल्व्हरलाइट या ब्राउझर प्लगइनवर, म्हणजे पैसे थांबले की बिल्डरही थांबला. मग मायक्रोसॉफ्टने सिल्व्हरलाइटच गुंडाळायला घेतलं आणि २०२० च्या सुरवातीला ती सगळी टूल्स बंद झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं भरलं त्यांच्या हातात काय राहिलं? ज्यांच्याकडे चौथ्या एडिशनची छापील पुस्तकं आहेत ते आजही खेळतायत. इतकंच काय, १९७४ ची डीएनडीची पहिली तीन छोटी पुस्तकं ज्याच्याकडे असतील तो आज रात्री सुद्धा गेम लावू शकतो, कोणाची परवानगी लागत नाही.

बंद होणं तर सोडाच, चालू असताना बदलणं जास्त त्रासाचं. ऑगस्ट २०२४ मध्ये बियॉन्डने जाहीर केलं की कॅरेक्टर शीटवरचे जुने स्पेल आणि मॅजिक आयटम काढून त्या जागी नव्या नियमांचे येतील, जुने हवे असतील तर स्वतः होमब्रू (घरी बनवलेले नियम) म्हणून टाइप करा. दोन-दोन वर्षं चाललेल्या कॅम्पेनच्या मधोमध! लोक एवढे चिडले की काही दिवसात निर्णय मागे घेतला, ते चांगलंच झालं, पण कपाटातल्या पुस्तकातला फायरबॉलचा स्पेल कोणी रात्रीत बदलू शकत नाही आणि मला मुलांच्या हातात तेवढी खात्री द्यायचीये.

लिहिणाऱ्यांच्या पैशांबद्दल तुम्ही पोटतिडकीने लिहिलंय, मलाही तसंच वाटतं. पण या धंद्यात बाहेरून लिहिणाऱ्यांना बहुतेक वेळा शब्दांच्या हिशोबाने एकरकमी पैसे मिळतात, तुमचं सबस्क्रिप्शन महिन्यामहिन्याने त्यांच्यापर्यंत झिरपत नाही. आणि पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या गेमचं उदाहरण बघा ना. त्यांचे सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर फुकट आहेत, तो काढणाऱ्या पायझो कंपनीच्या परवानगीने, चोरून नाही. तरी पायझो पुस्तकं विकते, अ‍ॅडव्हेंचर्स विकते, आणि लोक घेतात कारण नियम आधीच खेळून आवडलेले असतात.

आता महाग पुस्तकाचा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय. जानेवारी २०२३ मध्ये जुन्या ओपन गेम लायसन्सच्या (डीएनडीचे नियम वापरून इतरांना पुस्तकं काढू देणाऱ्या परवान्याच्या) जागी येणारा कडक मसुदा फुटला, लोकांनी धडाधड सबस्क्रिप्शन कॅन्सल केली, आणि महिना संपायच्या आत कंपनीने पाचव्या एडिशनचा एसआरडी (मूळ नियमांचा संच) क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यात टाकला. चारशे पानांची पीडीएफ, कायमची, परत घेता येत नाही. बाराही क्लास (पात्रांचे प्रकार) आहेत (प्रत्येकाचा एकच सबक्लास, बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर हे राक्षस नाहीत, पण पहिलं वर्षभर त्यांच्यावाचून काही अडत नाही). २०२५ मध्ये नव्या नियमांचाही एसआरडी आला. नुसतं वाचायचं स्वातंत्र्य नाहीये ताई, मूळ श्रेय देऊन तुम्ही याचं मराठी करू शकता, छापू शकता, विकू सुद्धा शकता! सबस्क्रिप्शनमध्ये हे जन्मात शक्य नाही. आपल्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या किती मुलांचं घरात मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्लिश चालतं, त्यांना खेळताना "तू काय करतोस?" हे मराठीत विचारलं की कशी खुलतात ते तुम्ही स्वतः बघितलंय.

आपल्याच गावात सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन साहेबांना बोलावून सार्वजनिक वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं, पेट्यांमधून पुस्तकं खेड्यापाड्यात जायची, मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्यातूनच आली. एक प्रत एकदा घेतली आणि ती शेकडो हातांतून फिरली. आपल्या पोरांच्या टेबलावर नियम असेच फिरावेत असं मला मनापासून वाटतं.

तर माझं म्हणणं एवढंच की पुणे-टोरंटोच्या भावंडांबरोबरच्या तुमच्या ऑनलाइन कॅम्पेनसाठी बियॉन्ड चालू ठेवा, तिथे त्याचा खरंच उपयोग आहे, फक्त प्रत्येक लेव्हलनंतर सगळ्यांच्या शीटची पीडीएफ काढून आपल्याकडे सेव्ह करा. रविवारच्या नवीन मुलांसाठी मात्र एसआरडीमधून फायटर, रोग (चोर), क्लेरिक आणि विझर्ड या चार क्लासची पहिल्या तीन लेव्हलची पानं काढून स्पायरल करून घ्या, झेरॉक्सवाल्याकडे एका महिन्याच्या सबस्क्रिप्शनपेक्षा कमीत होईल. कॅरेक्टर आधीच भरून ठेवा, मुलांनी फक्त नाव आणि स्वभाव ठरवायचा, म्हणजे संध्याकाळ त्यात जाणार नाही. क्लेरिकच्या स्पेलचं मराठी मी करायला घेतलंय, विझर्डचं तुम्ही घेणार का?