'हाजी ओव्हररेटेड आहे' या प्रतिक्रियेला उत्तर

कमेंटबद्दल आभार, आणि झोडलंत ते बरंच केलंत. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: रोमानियाचा फुटबॉलर गेओर्गे हाजी रिआल माद्रिदला चालला नाही, बार्सिलोनाला चालला नाही, मधल्या काळात त्याची इटलीतली टीम ब्रेशिया सेकंड डिव्हिजनला घसरली, मग उतारवयात तुर्कस्तानच्या सोप्या लीगमधे ट्रॉफ्या गोळा केल्या आणि एका वर्ल्ड कपच्या जोरावर लोक अजून त्याला 'कार्पेथियनचा मॅराडोना' (कार्पेथियन म्हणजे रोमानियातली डोंगररांग) म्हणतायत.

रिआलचं मान्य. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत बाहेरच्या क्लबला जायची सोयच नव्हती, 1989 च्या डिसेंबरात ती राजवट पडली आणि 1990 च्या उन्हाळ्यात हा गडी थेट माद्रिदला, तिथे पहिल्याच सीझनला तीन कोच बदलले, पण हे सगळं धरूनही त्याने तिथे मैदान मारलं असं मी म्हणणार नाही. बार्सिलोनात तर स्टोइचकोव, रोमारिओ, कूमन आणि हा असे चार परदेशी, आणि एका वेळी मैदानात परवानगी तिघांनाच. पण खरं कारण तो स्वतः होता हो. हाजीला बॉल डाव्या पायावर हवा आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी पळायचं. जिथे दहा जण पळायला तयार होते तिथे तो राजा, जिथे प्रत्येकालाच राजा व्हायचं होतं तिथे डोकेदुखी. याला मर्यादा म्हणा, फ्लॉप कसं म्हणता?

ब्रेशियाबद्दल तुम्ही अर्धंच सांगितलंत. 1993 ला टीम घसरली तरी हा सोडून गेला नाही, सेरी बी म्हणजे इटलीची सेकंड डिव्हिजन खेळला, 1994 ला टीम परत वर आणली आणि तिथूनच अमेरिकेला वर्ल्ड कपला गेला. म्हणजे कोलंबियाविरुद्धचा तो गोल मारणारा माणूस तेव्हा सेकंड डिव्हिजनचा प्लेअर होता! पासाडेना, पहिली मॅच, डावीकडे जवळजवळ टचलाइनवर बॉल, गोलकीपर कॉर्डोबा थोडासा पुढे आलेला, आणि याने तिथूनच उचलून त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या कोपऱ्यात टाकला. क्रॉस होता, चुकून गेला असं म्हणणारे आहेत, त्यांनी खुशाल म्हणावं. मग अर्जेंटिनाला 3-2 ने घरी पाठवलं, त्यात एक गोल याचा, तोही उजव्या पायाने. क्वार्टर फायनलला स्वीडनने पेनल्टीवर काढलं नसतं तर... जाऊ दे.

आता ती 'सोपी लीग'. त्याच्या तुर्की क्लबने, गालातासारायने, 1997 ते 2000 सलग चार टायटल्स घेतली, ती तुम्ही बाजूला ठेवा, माझी हरकत नाही. पण 2000 चा यूएफा कप, म्हणजे युरोपभरच्या क्लबांची स्पर्धा? बोलोन्या, डॉर्टमुंड, मायोर्का, लीड्स आणि फायनलला आर्सेनल, यातली तुर्की लीगमधली कोण ते सांगा. पस्तिशीतल्या हाजीने डॉर्टमुंडला गोल मारला, लीड्सला मारला. फायनलला मात्र एक्स्ट्रा टाइममधे आर्सेनलच्या टोनी अ‍ॅडम्सशी झटापट करून रेड कार्ड घेतलं आणि टीमला दहा जणांवर सोडून गेला. शूटआउटमधली शेवटची पेनल्टी मारून इज्जत वाचवली ती त्याच्या साडूने, गिका पोपेस्कूने. आणि पाच-सहा आठवड्यांत युरोला (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत) इटलीविरुद्ध पुन्हा रेड, देशासाठीची शेवटची मॅच अशी संपली. त्याचा राग हा त्याचा खरा दोष, आणि त्यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

काढायचंच होतं तर 1989 ची युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) फायनल काढायची होती. त्याची रोमानियातली स्टेआवा टीम, टीम त्याच्याभोवतीच बांधलेली, आणि मिलानने 4-0 ने धुतलं. तिथे माझ्याकडे उत्तर नाही, कारण गुलिट आणि व्हान बास्टेनने दोन-दोन मारले तेव्हा हाजी मैदानातच होता.